पूलच्या क्यूसाठी नक्षीदार मेपल: भरीव ठेवू की गाभा घालू?

अनिकेत_लान्सिंग

नमस्कार मंडळी,

मिशिगनमध्ये येऊन अकरा वर्षं झाली. इथेच पूल, म्हणजे बिलियर्ड्सच्या जातीचा टेबलावरचा खेळ, खेळायला लागलो आणि गेली तीन वर्षं गॅरेजमधल्या लेथवर त्याच्या काठ्या, म्हणजे क्यू, स्वतःच कातायला लागलो. आतापर्यंत सहा झाले, सगळे साध्या सरळ रेषेच्या, म्हणजे तंतू सरळ असलेल्या मेपलचे. सातव्यासाठी मागच्या महिन्यात अप्पर पेनिन्सुलातल्या एका छोट्या सॉ मिलवरून कर्ली हार्ड मेपलचा एक तुकडा आणला. ३८ मिमी चौरस, ३५ सेंमी लांब. घरी आणून रंधा मारला, थोडं स्पिरिट फिरवलं, आणि लाकडात आडव्या लाटा उठल्या. तुकडा हातात फिरवला की उजळ पट्टा काळा होतो आणि काळा उजळ. लेक पाच वर्षांची आहे. ती म्हणाली, "बाबा, हे हलतंय." मग आम्ही दोघं खिडकीपाशी तो फिरवत बसलो.

ज्यांना क्यूची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी: पूलचा क्यू साधारण ५८ इंच, म्हणजे १४७ सेंमी. मधोमध स्क्रूने दोन भाग होतात. पुढचा निमुळता भाग शाफ्ट, मागचा जाड भाग बट. बटमध्ये पुन्हा पुढे फोरआर्म, मग पकडायची जागा (इथे बऱ्याचदा आयरिश लिननचा दोरा गुंडाळतात) आणि शेवटी स्लीव्ह. माझा तुकडा फोरआर्मचा आहे.

प्रश्न असा. ज्यांच्याकडे मी शिकलो ते इथले आजोबा म्हणतात की नक्षीचं लाकूड कधीही भरीव ठेवायचं नाही. मधून भोक पाडायचं, सरळ रेषेच्या मेपलची दांडी आत चिकटवायची, मगच कातायचं. आमच्या लीगमधला एक जुना खेळाडू म्हणतो, गाभा घातला की क्यू मुका होतो, बॉल कसा लागला ते हाताला कळतच नाही. दोघांच्याही शब्दाला माझ्या लेखी वजन आहे. तुकडा एकच आहे. काय करू?

टिवल्याबावल्या

शीर्षकात "क्यू" वाचून मला रेशनच्या दुकानासमोरची रांग दिसली. रांगेत भरीव मेपल उभं आहे आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "ओ, गाभा घालू नका मध्ये!" असो, गंभीर मंडळींनी पुढे यावं.

मृण्मयी_द

छान विषय, पण मला एक मूलभूत शंका. नक्षीदार म्हणजे कोरीव काम का? आणि मेपल म्हणजे पॅनकेकवर ओततो त्या पाकाचंच झाड ना?

वनवेडी

मृण्मयी, झाड तेच. शुगर मेपल, शास्त्रीय नाव एसर सॅकरम. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. लाकूडवाले त्यालाच हार्ड मेपल म्हणतात.

नक्षी कोरलेली नसते, लाकडात उपजत असते. झाडाचे तंतू सहसा सरळ वर जातात. काही झाडांत ते नागमोडी जातात. असं लाकूड कापलं की एका लाटेचे तंतू आपल्याकडे तोंड करून उभे असतात आणि शेजारच्या लाटेचे पाठ करून. प्रकाश त्यांवरून वेगवेगळ्या कोनांत परततो म्हणून पट्टे दिसतात आणि फिरवलं की सरकतात. अनिकेतच्या लेकीला हललेलं दिसलं ते अगदी बरोबर दिसलं. याला कर्ली किंवा टायगर म्हणतात. व्हायोलिनच्या पाठीला असलंच लाकूड असतं, म्हणून फिडलबॅक हेही एक नाव.

दुसरा प्रकार बर्ड्सआय. लाकडात पक्ष्याच्या डोळ्यासारखे बारीक गोल ठिपके. हा मुख्यतः हार्ड मेपलमध्येच येतो आणि ग्रेट लेक्सच्या आसपास जास्त सापडतो, अनिकेत गेला ते अप्पर पेनिन्सुला त्यासाठी नावाजलेलं. पक्ष्यांनी चोची मारल्या, बुरशी लागली, दाटीत वाढताना ऊन कमी पडलं, असे सगळे अंदाज मांडून झालेत, पण एकही सिद्ध झालेला नाही. त्यामुळे मुद्दाम लागवड करून हे ठिपके मिळवता येत नाहीत.

तिसरा क्विल्टेड, गोधडीसारखा फुगीर दिसतो. तो बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरच्या बिगलीफ मेपलमध्ये येतो, ते लाकूड पुष्कळ मऊ. कठीणपणा मोजायचं जांका नावाचं माप आहे. त्यात हार्ड मेपल १,४५०, बिगलीफ ८५०, आपलं सागवान हजाराच्या आसपास.

मृण्मयी_द

वा! आता स्वयंपाकघरातल्या पोळपाटाकडे वेगळ्या नजरेने बघणार.

नाना_पॅटर्नमेकर

अनिकेत, वाचून फार आनंद झाला. माझं बालपण सावंतवाडीचं. चितारआळीत लेथवर खेळणी आणि लाकडी फळं उतरताना तासन् तास बघत उभा राहायचो. तिथे पूर्वी पांगारा वापरत. हलका, मऊ, रंग छान धरणारा. पुढे कोल्हापुरात फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने (पॅटर्न) करण्यात तीस वर्षं काढली, सगळं सागवानात. मेपल हातात घेतला तो मुलाकडे टोरांटोला गेलो तेव्हा.

पहिलं आश्चर्य वाटलं ते त्याच्या पांढऱ्या भागाचं. सागवानात आम्ही पांढरा भाग बघितला की बाजूला टाकायचो, त्याला कीड लागते. मेपलमध्ये गिऱ्हाईक नेमका तोच मागतं, आतला तपकिरी भाग नको असतो.

आता तुझा प्रश्न. उलट्या रेषेवर पटाशी धरली तर लाकूड उचकटतं, हे कुठलाही सुतार पहिल्या महिन्यात शिकतो. तुझ्या तुकड्यात दर सेंटिमीटरला रेषा उलटी होते. म्हणजे हत्यार लावशील तिथे अर्ध्या जागी ते उलटंच लागणार. धार वस्तऱ्यासारखी हवी, घास अगदी थोडा हवा. पण भरीवला माझा विरोध नाही. लाकूड पुरतं मुरलं असेल आणि टप्प्याटप्प्याने, मध्ये महिना महिना टांगून उतरवलंस तर ते आपला बाक आधीच दाखवतं. मग पुढच्या घासात तो काढायचा. घाई करणाऱ्याने गाभा घालावा.

सरळरेष

नानांबद्दल आदर आहेच, पण इथे मी सहमत नाही. पेशाने यांत्रिकी अभियंता आहे, लाकूडकाम छंद.

टांगून ठेवल्याने लाकडातले आधीचे ताण मोकळे होतात. हवेतल्या ओलाव्याने पुढे होणारी हालचाल त्याने थांबत नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात हवेची आर्द्रता २०–२५ टक्क्यांवर येते, तेव्हा लाकडातला ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतो. उन्हाळ्यात हवा ६५–७० टक्के, तर लाकडात १२–१३. म्हणजे दर वर्षी ते एकदा फुगणार, एकदा आक्रसणार. सरळ रेषेचं लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ हलत नाही, त्यामुळे क्यू सरळ राहतो. नागमोडी रेषेत तंतू तिरपे असतात, म्हणून त्या आडव्या फुगण्याचा काही हिस्सा लांबीत येतो. आणि तो चारी बाजूंना सारखा नसतो. एक बाजू लांब झाली, समोरची कमी झाली, की दांडी वाकली. लाकूड कितीही मुरलेलं असो, हे चालूच राहणार.

शिवाय ताकद. लाकूड तंतूच्या दिशेत बळकट. तंतू पृष्ठभागावर येऊन तुटत असतील तर तिथे ते कमजोर. जी लाट डोळ्याला सुखावते तीच लाट लाकडाला कमजोर करते. दोन्ही एकच गोष्ट आहे, एक ठेवून दुसरी काढता येत नाही.

म्हणून गाभा. अनिकेत, आजोबांचं ऐक.

न्यूजर्सीकर_बापू

सरळरेष यांचं गणित बरोबर असेल, पण इतिहासही बघा. अमेरिकेत हाताने बनवलेल्या क्यूचं नाव काढलं की पहिला आठवतो जॉर्ज बालाबुश्का. १९१२ साली रशियात जन्म, लहानपणी अमेरिकेत आला, सुतारकाम केलं, १९५९ साली ब्रुकलिनमध्ये क्यू बनवायला लागला आणि १९७५ साली गेला. त्याच्या मागोमाग पेन्सिल्व्हेनियातला गस झाम्बोटी, तो १९८८ साली गेला. झाम्बोटीचे बर्ड्सआय फोरआर्म बघितले आहेत का कुणी? एका प्रदर्शनात मी एक अगदी जवळून बघितला. चार टोकदार काळे पॉइंट, म्हणजे मेपलमध्ये बसवलेल्या गडद लाकडाच्या पाचरी, त्यांच्या कडेला रंगीत व्हिनियरच्या (पातळ लाकडी पापुद्र्यांच्या) केसाएवढ्या रेषा, आणि मागे मधाच्या रंगाचं ठिपकेदार मेपल. बाकी काही नाही. हस्तिदंताची वेलबुट्टी नाही, चांदी नाही. माझे डोळे भरून आले होते.

मुद्दा असा की त्या काळी फोरआर्मला गाभा घालायची पद्धत नव्हती. भरीव लाकूड होतं, आणि ते क्यू आजही सरळ आहेत, खेळात आहेत.

सरळरेष

बापू, जे वाकले ते प्रदर्शनात येत नाहीत. पन्नास वर्षांत जे टिकले तेवढेच आपण बघतो.

दुसरं, बालाबुश्का सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट नावाच्या तयार क्यूंपासून बट बनवायचा. ते हॉलमध्ये भिंतीला लावलेले एकसंध क्यू, सरळ रेषेच्या मेपलचे, त्यांत गडद लाकूड लांब पाचरीसारखं घुसवलेलं. त्याला फुल स्प्लाइस म्हणतात. पाचर आणि मेपल एकमेकांत इतकी खोल गुंतलेली की ती रचना स्वतःच आधार देते. त्याची तुलना अनिकेतच्या एकट्या कर्ली तुकड्याशी होणार नाही.

न्यूजर्सीकर_बापू

टिकलेलेच दिसतात, हे मान्य. पण निवडीचं श्रेयही त्यांना द्या. ती माणसं लाकूड वर्षानुवर्षं साठवून ठेवायची आणि पसंत नसलेलं टाकून द्यायची. आज कुरियरने तुकडा आला की आठवड्यात लेथवर चढतो.

शनिवारपेठी

पुण्यातून स्नूकरवाल्याची हजेरी. आमच्याकडे शाफ्ट अ‍ॅशचा. त्यात बाणाच्या टोकांसारखे आकार दिसतात आणि नेम धरताना ते वरच्या बाजूला आणून ठेवतो, म्हणजे क्यू दर वेळी हातात सारखाच बसतो. मेपलचा शाफ्ट इतका कोरा की मला त्यात काही दिसतच नाही. टोक आमचं ९.५ मिमी, तुमचं जवळपास १३. बॉल आमचा ५२.५ मिमी, तुमचा ५७. खेळ वेगळा, हत्यार वेगळं.

पण लाकडाच्या नक्षीचा खेळाशी काय संबंध? नेम धरल्यावर बट पाठीमागे असतो, दिसतही नाही. क्लबमध्ये अतिशय देखणे क्यू घेऊन येणारे आणि तीन रेडच्या पुढे न जाणारे पुष्कळ बघितले.

अवांतर: बिलियर्ड्समधला भारताचा पहिला जगज्जेता विल्सन जोन्स आमच्या पुण्याचा. जन्म १९२२, हौशी जगज्जेतेपद १९५८ साली कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ साली. आणि स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमधला. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

अनिकेत_लान्सिंग

शनिवारपेठी, शाफ्टबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत. शाफ्टला नक्षी अजिबात चालत नाही. तिथे दाट वर्षवलयांचं, अगदी सरळ रेषेचं मेपल लागतं. रेषा कडेने बाहेर पडताना दिसली तरी मी तो तुकडा बाजूला ठेवतो. शाफ्ट वर्षभरात सात-आठ वेळा थोडा थोडा उतरवतो. नक्षी फक्त बटला.

पण "काय संबंध" हे मला पटत नाही. संध्याकाळी कामावरून थकून येतो, पेटी उघडतो, दोन भाग जोडतो. त्या अर्ध्या मिनिटात हातात काय असतं याने माझ्या खेळाची सुरुवात ठरते. तबलजी तबल्यावरची धूळ पुसतो ना, तसं.

रेवती_सिएटल

मला लाकूडकामातलं कळत नाही, पण याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या वॉशिंग्टन राज्यात नक्षीदार बिगलीफ मेपलची सरकारी जंगलांतून चोरी होते. वाद्यांसाठी त्याला चढा भाव मिळतो. रात्री जाऊन आधी झाडाची साल तासून नक्षी आहे का बघतात. नसली तर झाड तसंच जखमी सोडून पुढे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिक राष्ट्रीय वनात चोरांच्या टोळीला हव्या असलेल्या झाडात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. ते जाळायला गेले आणि वणवा पेटला. ३,३०० एकर जंगल जळालं. २०२१ साली खटला चालला, त्यात गिरणीला विकलेल्या फळ्यांचा डीएनए जंगलातल्या बुंध्यांशी जुळवून दाखवला. झाडाच्या डीएनएचा पुरावा संघीय न्यायालयातल्या फौजदारी खटल्यात वापरण्याची ती पहिलीच वेळ. मुख्य आरोपीला २० महिन्यांची शिक्षा झाली.

आम्ही त्या भागात दर उन्हाळ्यात चालायला जातो. त्या जुन्या मेपलच्या फांद्यांवर शेवाळ्याच्या झालरी लोंबत असतात, खाली उभं राहिलं की प्रकाशसुद्धा हिरवा होतो. म्हणून कळकळीने सांगते, नक्षीचं लाकूड घेताना ते कुठून आलं ते विचारा आणि पावती मागा.

वनवेडी

रेवती, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. +१.

अनिकेत_लान्सिंग

रेवतीताई, धन्यवाद. मी ज्या मिलमधून घेतलं त्यांच्या स्वतःच्या मालकीचं रान आहे. वाऱ्याने पडलेलं झाड त्यांनी मला दाखवलं, बुंधा अजून तिथेच होता. पण खरं सांगतो, मी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. पुढच्या वेळी विचारीन.

ठाण्याचा_राजू

माझा अनुभव. २०१९ मध्ये अमेरिकेतून येताना एका कारागिराकडून बर्ड्सआयचा क्यू घेऊन आलो. भरीव होता, गाभा नाही, त्याने तसं स्पष्ट सांगितलं होतं. मार्चमध्ये आणला तेव्हा टेबलावर लोळवला की काचेसारखा फिरायचा. जुलैमध्ये जोडणीच्या जागी वरखाली व्हायला लागला. ऑगस्टमध्ये उघड दिसायला लागलं की बट केळ्यासारखा झालाय. दिवाळीनंतर थोडा परतला, पण पूर्ण नाही. आता भिंतीवर आहे. सुंदर दिसतो, खेळता येत नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या माणसाने जीव ओतून केला होता.

पावसाळ्यात आमच्याकडे हवा ८५–९० टक्के. कोरड्या प्रदेशात बनलेल्या लाकडाला तो धक्काच.

सरळरेष

राजू, वाचून वाईट वाटलं. ८५ टक्क्यांवर आठवडे काढले की लाकडातला ओलावा १८ टक्क्यांकडे जातो. ५–६ टक्क्यांवर घडवलेल्या वस्तूला हे झेपत नाही. तुमच्या कारागिराने दोन्ही टोकं आणि स्क्रूचं भोक आतून सीलबंद केलं होतं का? बाहेरून कितीही जाड लॅकर असलं तरी ओलावा उघड्या टोकांतून सगळ्यात लवकर शिरतो.

ठाण्याचा_राजू

भोक आतून कोरं लाकूडच आहे. हे मला आज कळलं.

खारघरचा_खेळ्या

माझ्या मते ही सगळी चर्चा दहा वर्षं जुनी झाली. कार्बन फायबरचे शाफ्ट आले, ना वाकत, ना फुगत. बॉलला फिरकी देताना पांढरा बॉल बाजूला सरकतो तो प्रामुख्याने टोकाकडच्या १५–२० सेंमी भागाच्या वजनामुळे. पोकळ कार्बनमध्ये ते वजन कमी. आता बट प्लायवूडचा असला तरी फरक नाही.

नाना_पॅटर्नमेकर

खेळ्या, तुझं शाफ्टपुरतं खरं असेल. पण मग बटावरचा भार हलका झाला की! खेळाची जबाबदारी शाफ्टने घेतली तर बट सुंदर करायला आणखी मोकळीक मिळाली. प्लायवूड कशाला?

शनिवारपेठी

नाना, मानलं.

मृण्मयी_द

एक विचारू? हा "मुका" क्यू म्हणजे काय? लाकूड बोलतं?

न्यूजर्सीकर_बापू

बोलतं तर! कुठल्याही क्यूमेकरकडे जा, तो तुकडा दोन बोटांत सैल धरून टिचकी मारून ऐकतो. चांगलं मेपल खणखणीत वाजतं. आतून चीर असेल, ओल असेल, तर थप्प. खेळताना बॉल लागला की तीच थरथर हातापर्यंत येते. फटका मध्यभागी बसला की किंचित कडेला, ते डोळ्याआधी तळहाताला कळतं. अनिकेतच्या मित्राची भीती तीच आहे.

सरळरेष

त्याची भीती खोटी नाही, पण कारण वेगळं आहे. गाभा नीट न बसलेले क्यू मुके होतात, किंवा त्याहून वाईट, गुणगुणतात. दांडी आणि नळी यांच्यामध्ये गोंद न पोचलेली पोकळी राहिली की तिथे लाकूड लाकडावर थरथरतं. अनेकांनी असे क्यू वापरलेत आणि दोष गाभ्याच्या नावावर गेलाय.

अनिकेतसाठी तपशील, माझ्या चुकांतून शिकलेले.

भोक १६ मिमीचं पाड. १९ मिमीचा मोह होईल, पण जोडणीजवळ फोरआर्मचा व्यास साधारण २१.५ मिमी असतो. १९ चं भोक पाडलंस तर भिंत जेमतेम सव्वा मिलिमीटर उरते, १६ मध्ये पावणेतीन. साधं ड्रिल ३० सेंमी खोलीत भरकटतं, त्यातही लाटांच्या लाकडात जास्तच. हवेच्या दाबाने भुसा बाहेर फेकणारं लांब गन ड्रिल कुणाकडे असेल तर मागून आण. आणि आधी भोक, मग बाहेरून कातणं. भोकाच्या मध्यालाच लेथवर धर, म्हणजे भिंत चारी बाजूंना सारखी येईल.

दांडी भोकापेक्षा ०.१ ते ०.१५ मिमी बारीक ठेव, तिच्यावर बारीक चर मळसूत्रासारखी काढ म्हणजे हवा आणि जादा गोंद बाहेर पडेल. नाहीतर आत दाब होऊन दांडी अर्ध्यात अडकते आणि इपॉक्सी गोंद धरायला लागतो. माझी एकदा अडकली होती, तेवीस सेंमीवर.

पॉइंट बसवणार असशील तर त्यांची खोली आधी मोज, खाच गाभ्यापर्यंत गेली तर पांढरी रेष दिसेल.

वनवेडी

एक भर घालते. चौकोनी तुकडा गोल केला की नक्षी चारी बाजूंना सारखी दिसत नाही. कर्लीच्या लाटा वर्षवलयांना काटकोनातल्या दोन बाजूंवर ठळक असतात, बाकी दोन बाजूंवर फिक्या. बर्ड्सआयचं बरोबर उलटं, ठिपके वलयांना समांतर बाजूंवर दिसतात आणि उरलेल्या बाजूंवर नुसत्या बारीक रेघा होतात. तेव्हा पॉइंट कुठे येणार ते आधी ठरव आणि फिक्या बाजू पॉइंटखाली जाऊ देत.

नाना_पॅटर्नमेकर

हे सोन्यासारखं सांगितलंस, बाई. सरळरेष, तुमचा ओलाव्याचा हिशेब मी दोन दिवस डोक्यात घोळवला. पॅटर्न कारखान्याच्या एकाच खोलीत राहतो, फार तर भट्टीपर्यंत जातो. क्यू गाडीच्या डिकीतून हिंडतो. माझा अनुभव खोलीतल्या लाकडाचा आहे, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. तरी अनिकेत, ठरवण्याआधी लाकडालाच विचार. थोडं गोल कर, टांग, आणि मोज.

अनिकेत_लान्सिंग

(चार आठवड्यांनंतर)

मंडळी, उशीर झाला. नानांनी सांगितलं तसंच केलं. तुकडा ३१ सेंमीवर कापला, ३४ मिमी गोल केला आणि टोकांना मेण लावून तळघरात टांगला. शेजारी त्याच मापाचा साध्या मेपलचाही टांगला, तुलनेसाठी. इथे मधल्या काळात हीटर सुरू झाले. काल दोन्ही लेथवर चढवून डायल इंडिकेटर (बारीक फरक मोजायचं घड्याळासारखं उपकरण) लावला. साधा ०.१ मिमी हलला होता. कर्ली ०.५.

चार आठवड्यांत अर्धा मिलिमीटर. अजून हिवाळा जायचाय. गाभा घालतोय.

आजोबांकडे गन ड्रिल आहे. त्यांना राजूची गोष्ट सांगितली, ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, स्क्रूचं भोक आतून दोनदा सील कर. लीगमधल्या मित्रालाही बोलावलंय. गाभ्याच्या दांडीसाठी माझ्याकडे तुकडे पाच आहेत, ते तो टिचकी मारून निवडणार. त्याच्या कानावर माझा विश्वास आहे.

वनवेडी, फिक्या बाजूंवर पेन्सिलने खुणा केल्या. पॉइंट चार, काळे, कडेला एकच व्हिनियर. शिसवाचा विचार होता पण घरातलं जुनं शिसव वापरायला मन होईना, आबनूस घेतलं.

ठाण्याचा_राजू

झाला की फोटो टाका. आणि पुढच्या जुलैत पुन्हा मोजून आकडा लिहा, माझ्यासाठी.

अनिकेत_लान्सिंग

नक्की, राजू. जुलैत इथेच लिहितो.

नाना_पॅटर्नमेकर

३५ मधून ३१ घेतलेस. उरलेल्या चार सेंटिमीटरचं काय केलंस?

अनिकेत_लान्सिंग

बाकावर पडलाय, नाना. लेक रोज उचलून खिडकीपाशी नेते.

नाना_पॅटर्नमेकर

मग तिच्यासाठी भोवरा कात. ३८ मिमीत छान बसेल. आर पितळेची घाल, पण मेपल कठीण आहे, आधी बारीक भोक पाड, नुसती ठोकलीस तर फुटेल. जाळी सुताची घे, नायलॉन घसरतं.